भाकरीआड लपलेला आजार

जून 2023. भाचीचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी लॅबच्या मागच्या खोलीत डबा उघडत होतो. 'अँटी टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, आयजीए : 14.2'. शेजारच्या रकान्यात छापलेलं, 20 च्या आत निगेटिव्ह. एका हातानं पोळीचा घास मोडत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मी तिला कळवून टाकलं, "निगेटिव्ह आहे. सेलिअ‍ॅक नाही. बिनधास्त खा."

अमरावतीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून माझी सव्वीस वर्षं गेलीत. अर्ध्या शहराचं रक्त हातून गेलं असं मी गमतीनं म्हणतो. त्या दिवशी आकडा बरोबर होता, यंत्र बरोबर होतं, मर्यादाही बरोबर होती. चुकलो तो मी. आणि ती चूक कळायला पुढे तीन महिने लागले.

गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षापासून सांगायला हवी. पोरगी बावीस वर्षांची, अमरावतीत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. जिना चढताना धापा टाकायची, केस ओंजळभर गळायचे, महिन्यातून दोनदा तोंड यायचं. हिमोग्लोबिन केलं तर 7.4. विदर्भात तरुण मुलीचं हिमोग्लोबिन सातवर आलं की पहिला प्रश्न सिकलसेलचा असतो. ती तपासणी मी स्वतः केली, सिकल नव्हता. जंताची गोळी झाली, पाळीची चौकशी झाली. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अवघा 4 निघाला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तिनं त्या तीन महिने नेमानं घेतल्या, तरी आकडा जागचा हलेना. मग त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहिली : टीटीजी.

गोळ्या घेऊनही लोह का चढत नाही, याचं उत्तर त्या तीन अक्षरांत होतं. आपण खातो ते लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सेलिअ‍ॅकचा म्हणजे गव्हामुळे आतडं झिजवणाऱ्या आजाराचा पहिला घावही तिथेच बसतो. दारच मोडलेलं असेल तर पोत्यानं माल पाठवून काय उपयोग? कित्येकांना जुलाब होत नाहीत, पोट दुखत नाही. नुसतं रक्त कमी. मोठ्या माणसांत हा आजार असाच चोरपावलानं येतो.

पण ती चाचणी तेव्हा झालीच नाही. दिवाळीत पोरीला कावीळ झाली आणि माझी माय तिला अकोट तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन गेली.

मायचं पथ्य म्हणजे कायदा. "गव्हाची पोयी जड असते, बंद." सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, दुपारी भाकर आणि मुगाचं वरण, रात्री पुन्हा भाकर. कावीळ महिन्याभरात उतरली, पथ्य मात्र उतरलं नाही, कारण पोरीची तब्येत सुधारत होती. आठ दिवसांसाठी गेलेली ती सात महिने राहिली. पुस्तकं तिकडेच मागवून घेतली. 38 किलोची 44 किलो झाली, हिमोग्लोबिन 10.6 वर गेलं. माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आली तवा काडी होती पोट्टी."

जूनमध्ये ती अमरावतीला परतली. फायलीत जुनी चिठ्ठी सापडली, म्हणून सहज रक्त दिलं. तोच तो 14.2. आणि तोच माझा 'बिनधास्त खा'.

तिनं मामाचं ऐकलं. मेसचा डबा लावला, दोन्ही वेळेला तीन-तीन पोळ्या. गणपती बसले त्या आठवड्यात ती क्लासच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन 8.1. पोट फुगलेलं, जीभ लालभडक, आणि आता जुलाबही. मी पुन्हा तोच रिपोर्ट काढून पाहिला. सेलिअ‍ॅक तर नाही, मग हे काय? मायनं गावाहून फोन केला, "तुमचं अमरावतीचं राहू द्या. अकोल्याले आणा तिले, म्या बी येतो."

अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी फाइल शेवटापासून चाळली. जूनच्या कागदावर थांबले. मला वाटलं, आकडा पाहतील. त्यांनी तारीख पाहिली.

"हे रक्त दिलं तेव्हा ही काय खात होती?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मी एकाही पेशंटला विचारला नव्हता. उपाशीपोटी आलात का, एवढंच आम्ही विचारतो. मी गप्प. उत्तर मायनं दिलं, "जवारीची भाकर. सात महिने. सणावाराले पोयी असंन एखांदी."

डॉक्टर खुर्चीला टेकले. "आजी, तुम्ही उपचार आधी केला. तपासणी मागून झाली."

"म्या कायचा उपचार केला बापा? म्या तं भाकर चारली."

गहू पोटात जाणं थांबलं की शरीर टीटीजी चाचणीत मोजली जाणारी अँटिबॉडी बनवणं हळूहळू थांबवतं. आकडा महिन्यामहिन्यानं उतरतो आणि कधी तरी मर्यादेच्या आत येतो. जूनचा 14.2 एवढंच सांगत होता की गेले काही महिने या पोरीचं शरीर गव्हाशी भांडलेलं नाही. भांडण मिटलं होतं की भांडणाचं कारणच घरात नव्हतं, हे सांगायची सोय कागदावर नव्हती.

माय पोरीला तिथूनच गावी न्यायला निघाली होती. डॉक्टरांनी अडवलं. तीन महिने पोळी खाल्ली आहे, म्हणजे चाचणीला हवी तशी परिस्थिती आयतीच झाली आहे. रक्त आज घ्या, आणि पुढचं सांगेपर्यंत पोळी सोडू नका. ज्यांनी आधीच गहू सोडलेला असतो, त्यांना डॉक्टर मुद्दाम सहा-आठ आठवडे रोज गहू खायला लावून मग रक्त तपासतात. अगदी लहान पोरांत किंवा वाढीच्या वयात हे सहसा करत नाहीत. मायला यातलं काही पटलं नाही. आजारी पोरीला विष चारून पाहायचं, ही कोणती डॉक्टरकी? रिपोर्टला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नाही.

रात्री झोप येईना, म्हणून मी वाचत बसलो. आणि मायच्या त्या प्रश्नाचंच उत्तर मला हॉलंडमध्ये सापडलं.

हा आजार जुना. लंडनच्या मुलांच्या इस्पितळातल्या सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये त्याचं नेमकं वर्णन लिहिलं आणि बरा झालाच तर आहारानेच होईल असंही म्हटलं. कोणता आहार, ते मात्र त्यांना सापडलं नाही. पुढे 1924 मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास मुलांना केळी खाऊ घालू लागले. पोरं सुधारायची. जगभर केळ्यांचा बोलबाला झाला. खरं कारण ताटात काय आलं हे नव्हतं, केळ्यांनी ताटातून काय बाहेर ढकललं हे होतं. पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

विलेम कारेल डिके हा डच बालरोगतज्ज्ञ 1936 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हेग शहरातल्या युलियाना बाल रुग्णालयाचा प्रमुख झाला. एका आईनं त्याला सांगितलं की पाव बंद केला की माझ्या लेकराच्या अंगावरचा पुरळ जातो. त्या बाईचं नाव इतिहासात उरलेलं नाही. डिकेनं मात्र तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. 1941 मध्येच त्यानं गव्हाशिवायच्या आहारावर लिहिलं.

लोक सांगतात ती गोष्ट जास्त नाट्यमय आहे. 1944-45 चा हिवाळा, जर्मनांच्या ताब्यातला हॉलंड, अन्न संपलेलं. माणसं ट्युलिपचे कंद उकडून खात होती. पाव मिळेनासा झाला आणि सेलिअ‍ॅकची पोरं उलट सुधारू लागली. मग विमानांतून पाव आला, पोरं पुन्हा आजारी पडली आणि डिकेच्या डोक्यात प्रकाश पडला. ऐकायला झकास. पण प्रकाश आधीच पडलेला होता, दुष्काळानं त्याची खात्री वाढवली एवढंच. मला त्याचं नंतरचं काम अधिक थोर वाटतं. डिकेनं गहू काढून, पुन्हा देऊन, पुन्हा काढून, वर्षानुवर्षं त्याच मुलांची वजनं आणि उंच्या टिपल्या. सोबतच्या व्हान दे कामेर या रसायनतज्ज्ञानं मुलांच्या शौचातली चरबी अचूक मोजायची पद्धत बसवली, म्हणजे अन्न किती वाया जातंय ते आकड्यात दिसू लागलं. गहू दिला की चरबी वाढायची, काढला की उतरायची. 1950 मध्ये डिकेचा प्रबंध आला. 1953 पर्यंत त्यांनी दोषी नेमका पकडला : गव्हातलं ग्लुटेन. कणीक तिंबल्यावर ताणली जाते, पोळी न फाटता लाटता येते, ती ज्याच्यामुळे, तेच. ज्वारीत हे ग्लुटेन नाही, म्हणून भाकर लाटता येत नाही, थापावी लागते. मायच्या हातातलं ते थापण्याचं कसब म्हणजे ग्लुटेन नसल्याचा पुरावाच म्हणायचा.

तर, आजारी पोराला पुन्हा गहू देऊन पाहणारा डिके पहिला. मायला हे सांगायची मात्र माझी छाती झाली नाही.

रक्तात या आजाराची खूण शोधायला पुढे बराच काळ गेला. 1980 च्या दशकात पोलंडमधल्या शोर्झेल्स्की यांच्या गटानं एक चाचणी बसवली. माकडाच्या अन्ननलिकेचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर पेशंटचं रक्तद्रव टाकायचं आणि अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. आजार असेल तर स्नायूंच्या तंतूंभोवती हिरवी जाळी चमकते. चाचणी फार भरवशाची ठरली. पण ती जाळी नेमकी कशाला चिकटते, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कुलूप उघडत होतं आणि किल्ली कशाची ते कळत नव्हतं. ते 1997 मध्ये बर्लिनच्या डिटेरिच आणि शुप्पान यांनी उलगडलं. पेशंटच्या अँटिबॉडींनाच गळ म्हणून वापरून त्यांनी पेशींतून एक प्रथिन ओढून काढलं. ते होतं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, आपल्याच शरीरातलं, जखमा सांधण्याच्या कामी येणारं एक साधं एन्झाइम. चिठ्ठीवरची तीन अक्षरं, टीटीजी, ती ही. म्हणजे गहू खाल्ला की हा पेशंट आपल्याच घरातल्या गवंड्यावर काठी उगारतो.

एकदा प्रथिन हाती लागलं, की माकडाची गरज उरली नाही. पुढचं माझ्या रोजच्या कामातलं. 96 खळग्यांची प्लास्टिकची थाळी असते, तळाला ते एन्झाइम चिकटवलेलं. त्यात रक्तद्रव पातळ करून सोडायचं. अँटिबॉडी असतील तर तळाला घट्ट बसतात, बाकीचं धुऊन निघतं. मग माणसाच्या आयजीए अँटिबॉडीला धरणारं दुसरं द्रावण, पुन्हा धुणं, मग रंग. खळगा निळा होत जातो. शेवटी आम्लाचा थेंब टाकला की निळ्याचा झटक्यात पिवळा. जितका गडद पिवळा, तितका मोठा आकडा. डेंग्यूच्या दिवसांत असल्या थाळ्या मी शेकड्यांनी लावल्यात.

यात दोन खाचा आहेत. ते दुसरं द्रावण फक्त आयजीए जातीच्या अँटिबॉडीला धरतं. काही माणसांत आयजीए जन्मतःच नसतं, आणि सेलिअ‍ॅकच्या पेशंटांत अशी माणसं जास्त, शंभरात दोन-तीन. त्यांची थाळी कितीही आजार असला तरी फिकीच राहते. म्हणून टीटीजीसोबत एकूण आयजीए मोजायचं असतं. जूनमध्ये ते मोजलंच नव्हतं, आणि मला ते खटकलंही नाही. दुसरी खाच आकड्याची. एका कंपनीच्या किटची मर्यादा 20, दुसरीची 10, तिसरीची आणखी काही. एकाचा 18 निगेटिव्ह आणि दुसऱ्याचा 18 पॉझिटिव्ह असू शकतो. म्हणून जाणते डॉक्टर मर्यादेच्या किती पट ते बघतात. मुलांच्या बाबतीत युरोपातल्या तज्ज्ञांनी 2012 पासून असं ठरवलंय की आकडा दहा पटीच्या वर असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ती जुनी हिरव्या जाळीची चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीनं आतडं तपासल्याशिवाय निदान करता येतं. मर्यादेच्या जरासा वरचा आकडा मात्र यकृताच्या आजारातही येतो, नुसत्या जंतुसंसर्गानंही येतो.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. एकूण आयजीए 214, म्हणजे व्यवस्थित. टीटीजी 172. तोच किट, तीच 20 ची मर्यादा. साडेआठ पट.

दहा पट नव्हती आणि पोरगी मोठी होती, त्यामुळे दुर्बीण झाली. आतड्याचे सहा बारीक तुकडे निघाले. स्लाइड पाहायला मी मुद्दाम गेलो. निरोगी आतड्याच्या अस्तरावर बारीक कोंब दाटीनं उभे असतात, कणसं भरलेल्या ज्वारीसारखे. अन्न टिपायचं काम त्यांचं. तिच्या स्लाइडवर कापणी झाल्यानंतरचं शेत होतं, धसकटं तेवढी राहिलेली. रिपोर्टमध्ये त्याला मार्श 3बी असं सुटसुटीत नाव होतं.

डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांचं रक्त मागितलं. आईबाप, भावंडं, लेकरं अशा सख्ख्या नात्यात साधारण शंभरातल्या सात-आठ जणांत हा आजार निघतो. माझा आकडा 3 आला आणि मी रोज पोळी खातो, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. बहिणीचा आला 238. माझी धाकटी बहीण, या पोरीची आई. लग्नापासून लोहाच्या गोळ्या खाणारी, चाळिशीतच कंबर धरून बसणारी. बाईमाणसाला अशक्तपणा असायचाच, असं आम्ही सगळेच म्हणत आलो होतो. लॅब चालवणारा भाऊ घरात असून.

मायनं हात पुढे करायला साफ नकार दिला. "माह्या रक्तात काय पाहता? सत्तर वर्सं झाली, काई नाई झालं." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आमच्या लहानपणी पोळी पाहुण्यांसाठी आणि सणासाठी व्हायची. कोरडवाहू बन्सी गव्हाचं एखादं पोतं वर्ष काढायचं. बाकी भाकर. तिच्यात या आजाराचा गुण असेलही, पण त्याला जागं करायला ताटात गहूच नव्हता.

हे माझं मन म्हणतं असं नाही. 2016 मध्ये देशातल्या 23,331 निरोगी प्रौढांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराला लागणारी जनुकं उत्तरेत 38 टक्के आणि दक्षिणेत 36 टक्के लोकांत निघाली, म्हणजे जवळजवळ सारखीच. पण प्रत्यक्ष आजार उत्तरेत हजारी साडेआठ आणि दक्षिणेत दहा हजारी एक. उत्तरेतल्या त्या लोकांचा रोजचा गहू सरासरी 455 ग्रॅम होता, दक्षिणेतल्यांचा 25. जनुकांची तपासणी विकत घेऊन घाबरत येणाऱ्यांना मी आता हेच सांगतो, की ती पॉझिटिव्ह येणं म्हणजे काहीच नाही. निगेटिव्ह आली तर मात्र हा आजार जवळपास नाहीच.

आमचा वऱ्हाड या दोन ताटांच्या मध्ये कुठे तरी आहे आणि सरकतोय उत्तरेकडे. ज्वारीच्या शेतात सोयाबीन आलं. 2013 च्या कायद्यानं रेशनवर दोन रुपये किलोनं गहू मिळू लागला, 2023 पासून तोही फुकट. गरिबाच्या घरी पोळी आली याचं वाईट वाटून घेणारा मी कोण? शंभरातल्या नव्याण्णवांना गहू पचतो. उगाच फॅशन म्हणून गहू सोडणारे आणि सोडून झाल्यावर टीटीजी करायला येणारे मला जास्त छळतात. त्यांना मी हल्ली काउंटरवरूनच विचारतो, शेवटची पोळी कधी खाल्ली?

निदानानंतरचा खरा झगडा गिरणीत झाला. ग्लुटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं, असा आपल्याकडचा नियम आहे. मी कागदावर हिशोब मांडला. दहा किलो ज्वारीच्या पिठात दोन ग्रॅम कणीक मिसळली, म्हणजे चमचाभरही नाही, की मर्यादा आली. आणि गिरणीवाला तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हावरच आपली ज्वारी ओततो. त्याच्या भुवयांवरसुद्धा दोन ग्रॅम असेल. बहीण सकाळी पहिला नंबर लावून पाहायची, पण पाळ्यांत रात्रीचा गहू अडकलेलाच. शेवटी घरघंटी घेतली. ती येईपर्यंत पंधरा दिवस मायनं ओसरीत उलटं पडलेलं जातं धुऊन-पुसून मांडलं आणि दोघी मायलेकींनी त्यावर दळलं. हिंगसुद्धा बदलला, कारण डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो. लेबल वाचून ते शोधून काढलं भाचीनं.

नोव्हेंबर 2024 मध्ये तिची पुन्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन 12.3, टीटीजी 11.8. मी गावी फोन लावला, स्पीकरवर सगळेच होते. मायनं आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "मांगच्या जूनमंदी चवदाच आला होता ना? तवाबी निगेटिव म्हणत होता, आताबी निगेटिव. मंग मधात पोट्टीले पोया कायले चारल्या?"

मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात भाचीच बोलली. "आजी, तवा मी भाकर खाऊन राहिली होती, हे कोणालेच माहीत नव्हतं."

"मले होतं," माय म्हणाली.